दह्याच्या पोटात

मुलांनो, घरात दह्याचा वाडगा असेल तर तो जरा हळूच तिरका करून पाहा. (आईला विचारून बरं का! सांडलंत तर माझं नाव सांगू नका.) दही चांगलं लागलं असेल तर ते जागचं हलत नाही. चमच्याने कापलं की त्याची कड उभी राहते. आता हे कोडं बघा. दूध पातळ असतं, ते ओतता येतं. त्यात आपण चमचाभर विरजण घालतो, बस्स. पाणी आटवत नाही, पीठ कालवत नाही. गाईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असतं. दही झालं तरी ते सगळं पाणी त्याच वाडग्यात असतं. मग ते वाहत का नाही?

वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा एका चौथीतल्या पोराने मलाच उलटं विचारलं, "बाई, मग पाणी लपतं कुठं?" प्रश्न एकदम बरोबर होता!

ते लपतं जाळ्यात. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिशय बारीक गोळे तरंगत असतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल बनवतात. आंबटपणा वाढला की हे सुटे गोळे एकमेकांना चिकटायला लागतात. त्यांच्या लांबच लांब माळा होतात, माळांचं जाळं होतं आणि पाणी त्या जाळ्याच्या भोकाभोकांत अडकून बसतं. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, तेव्हा रात्रभर टपटप गळतं ना, तेच हे लपलेलं पाणी.

धड पातळ नाही, धड घट्ट नाही, असे पदार्थ आपल्याभोवती किती आहेत, मोजून पाहा. टूथपेस्ट दाबली तर वाहते, ब्रशवर मात्र ढिगासारखी बसते. साबणाचा फेस, शाम्पू, जेली, लोणी, रंग, रबर, आणि आपलं रक्तसुद्धा! शास्त्रज्ञ या सगळ्यांना मिळून 'सॉफ्ट मॅटर', म्हणजे मऊ पदार्थ, म्हणतात. या विषयाला मान मिळवून दिला तो फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी. १९९१ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि पुढे त्यांनी काय केलं ठाऊक आहे? ते आपल्या देशातल्या शाळाशाळांतून हिंडले, जवळजवळ २०० शाळांत! रबर, साबण, गोंद अशा साध्यासुध्या गोष्टींवर ते मुलांशी बोलत. एवढा मोठा माणूस शाळेत येऊन गोंदावर बोलतो, हे मला त्या पारितोषिकाइतकंच मोठं वाटतं.

पण दह्यातलं जाळं पाहायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर? तर फारसं काही दिसणार नाही. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. केसीनचा गोळा साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा. साबणाचे कण पाण्यात एकत्र येऊन जे पुंजके करतात, ते तर अवघ्या चार-पाच नॅनोमीटरचे. उजेडाची लाटच मुळी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब! जाड बोटांनी सुईत दोरा ओवण्यासारखंच ते. शिवाय दही पांढरंफेक, उजेड आरपार जातच नाही.

मग बारीक 'बोटं' हवीत. ती दोन प्रकारची मिळतात. एक क्ष-किरणांची आणि दुसरी न्यूट्रॉनांची. न्यूट्रॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. त्याला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पदार्थात खोलवर सहज शिरतो. आत कशावर तरी आपटून किंचित वळतो आणि बाहेर पडतो. किती न्यूट्रॉन किती वळले, हे मोजून आतल्या जाळ्याचा आकार गणिताने काढायचा. थेट चित्र मिळत नाही, हिशोब करावा लागतो. (गणित कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं!)

यातली मुख्य कल्पना घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोनतीन थेंब टाका, खोली अंधारी करा आणि एका बाजूने विजेरी लावा. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसेल, विजेरीच्या समोरून पाहिलं तर तिचा उजेड पिवळसर-तांबूस दिसेल. दुधाच्या कणांनी निळा उजेड जास्त विखुरला, तांबडा कमी. कण आपल्याला दिसले नाहीत, पण ते आहेत हे उजेडाने सांगितलं.

आता अडचण अशी, की विजेरी बाजारात मिळते, न्यूट्रॉनांची विजेरी मिळत नाही. त्यासाठी अणुभट्टी लागते! आणि प्रखर क्ष-किरणांसाठी लागतं इलेक्ट्रॉन फिरवणारं प्रचंड कडं. कुठलं कॉलेज हे विकत घेणार? कितीतरी देशांनासुद्धा एकट्याने ते परवडत नाही.

म्हणून फ्रान्समधल्या ग्रनोबल या डोंगरांनी वेढलेल्या गावात काय झालं ते ऐका. १९६७ साली फ्रान्स आणि जर्मनीने तिथे मिळून एक संस्था काढली. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा बावीसच वर्षं झाली होती, आणि त्यात हे दोन देश एकमेकांविरुद्ध लढले होते! संस्थेला नाव दिलं लाउए-लांजव्हँ. एक जर्मन शास्त्रज्ञ, एक फ्रेंच. १९७३ मध्ये ब्रिटन त्यात सामील झालं. तिथली अणुभट्टी वीज बनवण्यासाठी नाहीच, ती फक्त प्रयोगांना न्यूट्रॉन पुरवते. शेजारीच युरोपातल्या अनेक देशांनी मिळून ८४४ मीटर परिघाचं क्ष-किरणांचं कडं उभारलं. १९९४ पासून शास्त्रज्ञ तिथे प्रयोग करायला येतात.

तिथलं मऊ पदार्थांसाठीचं एक जुनं यंत्र १९७२ पासूनचं आहे, डी-११ नावाचं. त्यात न्यूट्रॉन टिपणारा पडदा नमुन्यापासून सुमारे ४० मीटर दूर नेता येतो. इतकं लांब कशाला? दोन मुलं एकाच जागेवरून किंचित वेगळ्या दिशांनी चालू लागली तर दहा पावलांवर शेजारीशेजारीच असतात. मैदानाच्या टोकाला गेल्यावर त्यांच्यातलं अंतर कळतं. मोठ्या कणांवरून न्यूट्रॉन अगदी थोडासाच वळतो, म्हणून मैदान लांब हवं.

आणि सगळ्यात मजेची युक्ती पाण्याची. न्यूट्रॉनाला साधं पाणी आणि जड पाणी निरनिराळं 'दिसतं'. आता समजा, पांढऱ्या फरशीवर तुम्ही पांढरी आणि लाल अशी दुरंगी रांगोळी काढलीत. उठून दिसेल फक्त लाल. तीच रांगोळी लाल फरशीवर काढलीत तर दिसेल फक्त पांढरी. साधं आणि जड पाणी योग्य प्रमाणात मिसळून शास्त्रज्ञ ही 'फरशी' हवी तशी रंगवतात. दुधात एकदा चरबी गायब करायची, एकदा प्रथिन. ज्या चरबीच्या सूक्ष्म थेंबांतून काही औषधं आणि करोनाच्या काही लशी शरीरात पोचवल्या जातात, त्यांची अंतर्रचनाही अशीच उलगडली गेली. औषध थेंबाच्या पोटात आहे की पाठीवर, हे कळायला नको?

बरं, मऊ पदार्थांचा स्वभाव मोठा नाजूक. लोखंडाचा तुकडा पार्सलने पाठवता येतो, फेस पाठवता येतो का? पुण्यात केलेला फेस विमानतळावर पोचेपर्यंतसुद्धा टिकायचा नाही! म्हणून ग्रनोबलच्या त्या दोन शेजारी संस्थांनी मऊ पदार्थांसाठी मिळून एक प्रयोगशाळा चालवली आहे. लग्नघरी सामाईक मुदपाकखाना असतो ना, तशी. कुठूनही या, नमुना इथेच ताजा बनवा, तपासा आणि यंत्रावर न्या.

सामाईक वस्तू म्हटली की मला आमचा सूक्ष्मदर्शक आठवतो. आमच्या केंद्रातल्या नऊ शाळांना मिळून एक सूक्ष्मदर्शक मिळाला होता, पाळीपाळीने वापरायला. एका शाळेत तो दोन वर्षं कपाटात कुलपात पडून राहिला. का, तर मुलं फोडतील! शेवटी आमच्याकडे आला तेव्हा भिंगावर बुरशी चढली होती. माझं स्पष्ट मत आहे, वापरून फुटलेला सूक्ष्मदर्शक जपून कुजलेल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा शंभर पटीने बरा. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहायला रांगेत उभी राहून ज्यांची पाळी आलीच नाही, त्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत.

म्हणूनच ग्रनोबलच्या पाळ्या कशा लावतात, हे मी मुद्दाम वाचलं. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. अर्जात लिहायचं, मला काय शोधायचंय आणि त्यासाठी हेच यंत्र का हवं. निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांची समिती ते वाचते. मागणी नेहमीच जास्त असते, त्यामुळे बऱ्याच जणांना नकार येतो. ज्यांना होकार मिळतो त्यांना मोजके दिवस मिळतात. मग काय, रात्र नाही, दिवस नाही! यंत्र रात्रीही चालूच असतं, त्यामुळे विद्यार्थी आळीपाळीने झोपतात.

हे सगळं परदेशातच आहे असं मात्र समजू नका. आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' ही अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली. तिच्यातल्या न्यूट्रॉनांवरही साबणाचे पुंजके, प्रथिनं, जेल यांचा अभ्यास होतो. इंदूरला क्ष-किरणांचं कडं आहे, 'इंडस-२' नावाचं, परीघ सुमारे १७२ मीटर. विद्यापीठांतल्या मुलामुलींना ही यंत्रं वापरता यावीत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून एक खास संस्थाही काढली. तिचं मुख्य केंद्र इंदूरला आहे आणि एक केंद्र मुंबईत. म्हणजे ज्या कॉलेजात साधी प्रयोगशाळाही जेमतेम आहे, तिथल्या संशोधक विद्यार्थिनीनेसुद्धा चांगला प्रश्न लिहून पाठवला, तर तिची पाळी लागू शकते.

आणखी एक नियम मला फार आवडला. ग्रनोबलला मिळालेले आकडे साधारणपणे तीन वर्षं प्रयोग करणाऱ्यांकडेच राहतात, त्यांनी कष्ट घेतलेले असतात म्हणून. नंतर ते सगळ्यांसाठी खुले होतात. ज्यांचा अर्ज नाकारला गेला होता, त्यांच्यासाठीसुद्धा.