फैजपूरच्या अंगणांतील आकाश

खानदेशांत सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या उत्तरेस, यावल तालुक्यांत आमचें फैजपूर वसलें आहे. बाहेरच्या मनुष्यास हें नांव ऐकतांच दोन गोष्टी आठवतात : एक येथील केळी, आणि दुसरी १९३६ च्या डिसेंबरांत येथें भरलेलें राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या साध्या साहित्यांतून अधिवेशनाची सजावट केली होती. हा इतिहास मीं शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस सांगितला. परंतु त्या दिवसांचें पंचांग उघडण्याची बुद्धि मात्र पेन्शन झाल्यावर सुचली. अधिवेशन २७ व २८ डिसेंबरचें, आणि पौर्णिमा २८ ची. म्हणजे देशाच्या चारी दिशांनीं आलेल्या त्या पाहुण्यांनीं आमच्या गांवचें चांदणें भरपूर पाहिलें असेल, पण तारे फारसे पाहिले नसतील. तारे पाहावयाचे तर अमावास्येच्या आगेंमागें यावें.

आणि ते पाहावयास फैजपुरासच कां यावें, याचेंही एक शास्त्रीय कारण देतां येतें. भास्कराचार्यादि सिद्धांतकारांची मध्यरेखा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र या स्थानांवरून मेरूकडे जाते. उज्जयिनीचे रेखांश आजच्या मापनानें सुमारें ७५ अंश ४६ कला, फैजपूरचे सुमारें ७५ अंश ५१ कला. अंतर अवघें पांच कलांचें, म्हणजे वेळेंत वीस सेकंदांचें! जुन्या ग्रंथांवरून गणित करतांना काशीकरास किंवा कोंकणस्थास जो देशांतरसंस्कार करावा लागतो, तो आम्हां फैजपूरकरांस जवळजवळ माफच आहे. घड्याळ मात्र ८२ अंश ३० कला रेखांशाचें पाळावें लागतें, त्यामुळें आमचा मध्यान्ह सरासरीनें बारा वाजून सत्तावीस मिनिटांनीं होतो. अक्षांश २१ अंश १० कला. तितक्याच उंचीवर, सातपुड्याच्या काळ्या रेघेच्या बऱ्याच वर, ध्रुवतारा असतो.

नक्षत्रांचीं सत्तावीस नांवें तोंडपाठ असणें आणि तीं आकाशांत बोटानें दाखवितां येणें, या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. पहिली पाठशाळेंत मिळते. दुसरीला थंडीवाऱ्यांत उभें राहावें लागतें. मृग, व्याध, रोहिणी, चित्रा हीं मंडळी आपण होऊन ओळख देतात. पण शततारका किंवा रेवती यांचे अंधुक तारे शोधतांना जाणत्याची मान दुखून येते. आमच्या घरीं हा व्यवसाय सुरू झाला तो पुतण्यानें आपला जुना डिजिटल कॅमेरा मजकडे सोपविल्यापासून. तिपाई आणि पन्नास मिलिमीटरचें एक भिंग त्यासोबत होतें. पुढें सहा इंची आरशाची एक दुर्बीणही आली. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. त्यांपैकीं निम्म्यांस वाटलें कीं म्हातारपणीं भाऊसाहेबांस छंद लागला, आणि उरलेल्या निम्म्यांस वाटलें कीं पडसें लागेल.

ताऱ्यांचें छायाचित्र घेणें म्हणजे चालत्या गाडीचें चित्र घेण्यासारखेंच आहे, कारण पृथ्वी थांबत नाहीं. विषुववृत्तावरील तारा एका सेकंदांत पंधरा विकला सरकतो. आमच्या कॅमेऱ्यांतील एकेका बिंदूवर त्या भिंगानें आकाशाच्या सुमारें सोळा विकला उमटतात. म्हणजे दर सेकंदास तारा साधारण एक बिंदु ओलांडणार. पांचसहा सेकंदांपेक्षां अधिक वेळ झांप उघडी ठेवली कीं ताऱ्याचा ठिपका जाऊन तेथें रेघ येते. आणि पांचसहा सेकंदांत अंधुक तारे नीट उमटत नाहींत. यावर तोड अशी कीं तशीं शंभर चित्रें घ्यावीं आणि संगणकावर एकावर एक बसवावीं. ताऱ्यांचा प्रकाश प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असतो, कॅमेऱ्याची खरखर मात्र दर वेळीं निराळी. म्हणून शंभरांच्या सरासरींत ती एकदशांश उरते. मृगाच्या त्रिकांड बाणाखालीं जो अंधुक ढगासारखा तेजोमेघ आहे, तो याच रीतीनें प्रथम आमच्या पडद्यावर गुलाबी उमटला. त्या रात्रीं नातवंडांनीं तो आपल्या आईबापांस, आईबापांनीं शेजाऱ्यांस दाखविला, आणि मला झोपावयास दीड वाजला.

भिंगावरील अनंताची खूण कागदोपत्रींच खरी. खरें केंद्रीकरण ठळक तारा पडद्यावर मोठा करून, तो बारीकांत बारीक होईपर्यंत कडें हळूहळू फिरवून साधावें लागतें. आणि रात्र निवत गेली कीं तें पुन्हां सुटतें. दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईतों गुरु उकळत्या दुधासारखा हालत राहतो, म्हणून दुर्बीण तासभर आधीं अंगणांत ठेवावी. दुसरें असें कीं आमच्याकडे उन्हाळ्यांत सारें गांव धाब्यावर निजतें, आणि तारे पाहण्यास तीच जागा उत्तम असें कोणासही वाटेल. परंतु दिवसभर चव्वेचाळीस अंशांत भाजलेलें धाबें मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतें आणि त्या वर चढणाऱ्या हवेंतून तारे थरथरतात. त्यापेक्षां अंगणांतील गवताचा तुकडा बरा. हिवाळ्यांत दंव. भोंवतालीं केळीच्या बागा, त्यांस पाणी. पहाटेपर्यंत भिंग चिंब. काळ्या जाड कागदाची वीतभर नळी भिंगापुढें बसविली कीं दंव बरेंच टळतें. शिवाय नोव्हेंबरापासून खानदेशांत शेतोशेतीं भरिताच्या मेजवान्या सुरू होतात, वांगीं भाजण्यास कपाशीच्या काड्या पेटतात, आणि तो खमंग धूर नेमका पूर्वेच्या क्षितिजावर पसरतो. त्याबद्दल तक्रार करणारा खानदेशी मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

एवढ्या खटाटोपांतून काय साधावयाचें, हा प्रश्न घरांतून पुष्कळदां आला. माझ्यापुरतें उत्तर एका ग्रंथांत होतें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा. दीक्षित मूळचे कोंकणांतील मुरूडचे, पण कांहीं वर्षें ते आमच्या खानदेशांत धुळ्यास शिक्षक होते, आणि माझ्यासारख्या शिक्षकास त्याचा अभिमान वाटल्यावांचून राहत नाहीं. शतपथब्राह्मणांत असें सांगितलें आहे कीं कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, इतर नक्षत्रें ढळतात. दीक्षितांनीं यावरून असें गणित केलें कीं कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवण्याचा काळ आजच्यापूर्वीं सुमारें पांच हजार वर्षांचा. या अनुमानावर पुढें पंडितांत पुष्कळ वाद झाला, तो अजून सर्वस्वीं मिटलेला नाहीं. वाद विद्वानांनीं करावा. मला एवढेंच पाहावयाचें होतें कीं त्या कृत्तिका आज फैजपुरास कोठें उगवतात.

अयनचलनामुळें त्या आज विषुववृत्ताच्या चोवीस अंश उत्तरेस आल्या आहेत. गणितानें आमच्या अक्षांशावर त्यांनीं पूर्वेच्या सुमारें सव्वीस अंश उत्तरेकडे उगवावयास हवें. अंगणाच्या भिंतीआड क्षितिज दिसत नाहीं, म्हणून सावद्याच्या बाजूस एका स्नेह्याचें शेत आहे तेथें गेलों. प्रथम खरी पूर्व दिशा हवी. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते, म्हणून जुनी रीत पत्करली : सपाट जमिनीवर वर्तुळ, त्याच्या मध्यावर शंकु, सकाळीं छायेचें टोंक वर्तुळांत शिरतें ती एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतें ती दुसरी, दोन खुणांतून ओढलेलें सूत ती पूर्वपश्चिम रेषा. सूर्याच्या क्रांतीच्या फरकानें यांत किंचित् अंतर पडतें, पण तें आमच्या कामापुरतें नगण्य.

खरी अडचण याच्या पुढची. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत कृत्तिका रात्रीं पावणेआठाच्या सुमारास उगवतात. परंतु क्षितिजाशीं धूळ आणि धूर इतका कीं पांचसहा अंश वर येईतों त्या दिसतच नाहींत. आणि तोंपर्यंत त्या तिरप्या चालीनें दोन अंशांहून अधिक दक्षिणेकडे सरकलेल्या असतात. दिसतात तेथें उगवल्या नाहींत, आणि उगवल्या तेथें दिसत नाहींत. दोन वर्षें ऑक्टोबर येऊन गेला. एका वर्षीं परतीच्या पावसाचे ढग, एका वर्षीं चंद्र. तिसऱ्या वर्षीं तोडगा निघाला तो आम्हांस आजवर छळणाऱ्या रेघेंतूनच. झांप अर्ध्या अर्ध्या मिनिटानें उघडीत वीस मिनिटें चित्रें घेतलीं आणि जोडलीं. कृत्तिकांची पांच अंश लांबीची तिरपी रेघ उमटली. ती रेघ तशीच खालीं वाढविली असतां क्षितिजावरील एका निंबाच्या शेंड्याशीं टेकली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच जागीं उभें राहून निंबाकडे सूत ताणलें आणि नातवाच्या कंपासपेटींतील कोनमापकानें कोन मोजला. पंचवीस आणि सत्तावीस यांच्या दरम्यान आला. याहून सूक्ष्म मापन त्या साधनानें होणार नाहीं. पण पांच हजार वर्षांची चाल प्लॅस्टिकच्या अर्धवर्तुळांत मावली, याचें मला अजून नवल वाटतें.

महाराष्ट्रांत हा छंद कांहीं आजचा नव्हे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचीं छायाचित्रें सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथून घेतलीं होतीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांस आकाश दाखवीत आहे. आणि आमच्या जिल्ह्यांत तर चाळीसगांवाजवळचें पाटण! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला. त्यासंबंधींचा शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ मधील, शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रकाशांत आणला. दानाची वेळ श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाची होती, आणि लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठींत आहे. ज्योतिषाच्या शाळेसाठीं दान, तेंही ग्रहण पाहून! आम्ही भुसावळहून रेल्वेनें चाळीसगांवास जाऊन तेथून डोंगराकडे वळलों. रात्रीं मुक्काम करतां आला नाहीं, याची रुखरुख आहे.

सध्यां चिंता आहे ती दक्षिणेची. अगस्त्य आमच्या क्षितिजावर फार तर सोळा अंश चढतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्रीं नऊच्या सुमारास तो याम्योत्तरवृत्तावर असतो. काशीस तो याहूनही खालीं. पण भुसावळकडील आकाश रात्रभर उजळलेलें असतें, आणि अगस्त्य ठळक म्हणूनच त्यांतून डोकें वर काढतो. त्याच्या आसपासचे लहान तारे मीं पोरपणीं पाहिले आहेत, नातवंडांनीं पाहिलेले नाहींत. पूर्वींचे रस्त्यावरचे दिवे पिवळे होते. आतांचे पांढरे, आणि त्यांच्या प्रकाशांत निळा अंश अधिक असल्यामुळें तो हवेंत अधिक विखुरतो. एकाच माणसाच्या आयुष्यांत आकाशाचा खालचा पट्टा असा पुसला जावा! दिवे नकोत असें कोण म्हणेल? रात्रपाळीच्या विजेवर केळीला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास बांधावर साप दिसावयास हवा. पण दिव्याचा उजेड बांधावर पडावा, व्याधाच्या डोळ्यांत नव्हे. आमच्या गल्लींतील एका सद्गृहस्थांनीं अंगणांतील दिव्यावर पत्र्याची टोपी बसविली. उजेड खालीं वाढला आणि आमच्या बाजूचें आकाश सुटलें. खर्च एका रिकाम्या तेलाच्या डब्याचा.

आमच्या वहिनींस आतां ऐंशी उलटलीं. मोतीबिंदूचें काम झालें, पण नजर पडद्यामागून आल्यासारखी. सासरीं आल्या तेव्हां पहाटे जात्यावर बसण्याची वेळ त्या चांदण्यांवरून ओळखीत. आतां त्यांस शुक्राखेरीज कांहीं दिसत नाहीं. कृत्तिकांचें चित्र दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर लावून आम्हीं त्यांस जवळ बसविलें. त्या काळीं त्यांस सहा दिसत. पडद्यावर त्यांनीं बोटानें चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला. हा उजेड चारशें चाळीस वर्षांपूर्वीं निघाला, तेव्हां खानदेशांत फारूकी सुलतान होते आणि असीरगड अजून अकबराच्या हातीं पडावयाचा होता, असें मीं सांगितलें. त्यावर त्यांनीं विचारलें तें निराळेंच : यांचीं नांवें काय? तैत्तिरीय शाखेच्या ग्रंथांत सात नांवें आहेत : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. सातांपैकीं तीन ढगांचीं आणि पावसाचीं. कोणतें नांव कोणत्या तारेचें, हें ग्रंथ सांगत नाहीं. मग वहिनींनीं घरांतल्या मुलींस एकेक नांव वांटलें. चुपुणीका हें सर्वांत लहान नातीच्या वांट्यास आलें, आणि तिनें चित्रांतील एक फार बारीक ठिपका निवडून त्यावर बोट ठेवलें तें काढीना.