सांबरासाठी कोणती बंदूक?

बंदूक म्हटले की शहरातल्या माणसाला सिनेमा आठवतो, इतिहासाच्या विद्यार्थ्याला १८५७ साल आठवते, आणि आम्हा कोकणातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना भाताचे शेत आठवते. आमच्याकडे बंदूक ही शौर्याची वस्तू नाही. ती कोयता, इरले, कंदील यांच्या रांगेतली वस्तू आहे. भात पोटरीला आले की ती माळ्यावरून खाली उतरते आणि कापणी आटोपली की तेल लावून पुन्हा वर जाते.

आमच्या घरची बंदूक ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढा संसार मांडल्यावर एक बार निघतो. दुसऱ्या बारासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तोवर डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेले असते. ही बंदूक आजोबांच्या नावावर होती, नंतर बाबांच्या नावावर झाली. मागच्या वर्षी दुरुस्तीसाठी दाखवली, तेव्हा कारागिराने नळीत डोकावून पाहिले आणि सांगितले की नळी आतून गंजाने खाल्ली आहे. हिच्यात आता दारू भरू नका. झाले! घरात नव्या बंदुकीचा प्रश्न उभा राहिला.

ह्या प्रश्नात माझा संबंध येण्याचे कारण एवढेच की आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजोबा म्हणाले, "शिकलेलो झिल घरात आसा, मगे अर्ज भायरच्या माणसाकडसून कित्याक लिवन घेवचो?" अर्ज लिहायचा म्हणजे आधी कोणती बंदूक ते ठरले पाहिजे. आणि तिथेच तीन माणसांची तीन मते पडली.

आजोबांना हवी होती रायफल. त्यांचे म्हणणे असे की डुक्कर छर्र्यांना भिईल, पण सांबर भिणार नाही. "सांबराक नुसतो बार नको, सांबराक गोळी होई!" काकांना हवी होती काडतुसाची १२ बोअर. बाबा काहीच बोलत नव्हते. मी आठवडाभर मोबाईलवर आणि ग्रंथालयात जे मिळेल ते वाचून काढले. राज्यशास्त्राच्या पेपरासाठीही मी इतके वाचलेले नाही!

वाचताना कळले की जगात हा प्रश्न किती गंभीरपणे विचारला जातो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी कोणती रायफल आणि कोणत्या मापाची गोळी, यावर माणसे आयुष्यभर वाद घालतात. १८९५ साली बाजारात आलेले '.३०-३०' हे काडतूस, १९०६ सालचे '.३०-०६', १९२५ सालचे '.२७०', १९५५ सालचे '.२४३', ही नावे तिथे घरोघरी ठाऊक आहेत. आकड्यांना भिण्याचे कारण नाही. '.३०' म्हणजे नळीचे तोंड इंचाच्या शंभरातले तीस भाग. '०६' म्हणजे साल. '.३०-०६' ची नेहमीची एक गोळी १५० ग्रेन वजनाची, म्हणजे साधारण पावणेदहा ग्रॅम. आपल्या हातातल्या काही नाण्यांपेक्षा फार जड नव्हे. पण तिचा वेग असा की तिच्यात मोठे जनावर आडवे करण्याची ताकद येते. तिथले जाणते लोक मात्र सांगतात की ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा. ज्या बंदुकीचा धक्का खांद्याला सोसवत नाही, तिचा चाप ओढताना माणूस डोळे मिटतो, आणि मग जखमी जनावर रानात कुठेतरी तडफडून मरते. म्हणून हलका धक्का देणारी '.२४३' पुष्कळांना पुरेशी वाटते.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. त्या देशात शिकारीला हंगाम आहे, परवाना आहे, किती जनावरे मारायची याची मर्यादा आहे. आणि १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्याच कामी लावला जातो. बेसुमार शिकारीने घटलेली हरणे तिथे पुन्हा वाढली, ती अशा नियमांमुळे. तेव्हा तिथल्या माणसाने हरणासाठी रायफल निवडणे आणि आमच्या आजोबांनी निवडणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्याकडे रायफल नाहीच असे नाही. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनणारी '.३१५' प्रसिद्ध आहे. तिच्या मापाची कथा मोठी मजेची आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल '.३०३' होती. फौजेची काडतुसे चालतील अशी बंदूक लोकांच्या हाती पडू नये, म्हणून नागरिकांसाठी त्याहून वेगळे माप पुढे आले. इंग्रज गेले, पण लष्करी मापाची बंदूक सामान्य माणसाला नाही हा दंडक राहिला आणि '.३१५' ही टिकून राहिली. राज्य जाते आणि माप मागे राहते, हे मला इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात शिकायला मिळाले नव्हते.

पण रायफलीच्या नळीत आत पेच कोरलेले असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि फार दूर जाते. नेम चुकला तर ती तीन-चार किलोमीटरही जाऊ शकते. आमचे शेत उतारावर आहे. शेताखाली वहाळ, वहाळापलीकडे वाडी. रात्रीच्या अंधारात सांबरावर झाडलेली गोळी सांबराला लागली नाही, तर ती कुणाच्या पडवीत जाईल? मी हे विचारले तेव्हा आजोबा पान जुळवीत राहिले.

कायदाही वाचून दाखवला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरी पडत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर पेच नसलेल्या साध्या नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. म्हणजे काकांची १२ बोअर बसते, आजोबांची रायफल बसत नाही. आणि सांबराचे म्हणाल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे दार बंदच केले आहे. शेतात घुसलेल्या जनावरावरसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून गोळी घालता येत नाही. आजोबा उसळून म्हणाले, "सांबर माझा भात खाता तेवा ता कोणाची परवानगी घेता?"

वाचकहो, ह्या प्रश्नाला माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हते. सांबराचा मोठा नर दोनशे किलोंच्या वर भरतो. तो खातो त्याहून अधिक तुडवतो. २०२४ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक लागली आणि रीतीप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. नेमकी कापणी तोंडावर होती. आम्ही डबे बडवीत रात्री काढल्या. वरच्या कुणग्यातले भात सकाळी पाहिले, तेव्हा आई बांधावर बसून राहिली होती. शहरातून जंगल बघायला येणाऱ्यांना सांबर सुंदर दिसते, आणि ते सुंदर आहेच. पण त्याच्या सौंदर्याचा खर्च कुणाच्या कणगीतून जातो, हेही कुणीतरी पाहिले पाहिजे. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, खेपा ह्यांत ज्याचा दिवस बुडतो, त्याची मजुरी त्यात धरलेली नसते.

राहता राहिली १२ बोअर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात बसेल ती १२ बोअरची नळी. काडतूस घातले की झाले. पावसाची भीती कमी, दोन नळ्या असल्या तर दोन बार लागोपाठ. काका जिंकल्यातच जमा होते. तेवढ्यात बाबा पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, काडतुसात छर्रे भरलेलेच असतात. ठासणीच्या बंदुकीत मी दारू नि बोळा तेवढाच ठासू शकतो. जनावराला पळवायचे असेल तर मला आवाज हवा, छर्रे कशाला हवेत?

चाळीस वर्षे राखण केलेल्या माणसाचे हे बोलणे होते. मी आठवडाभर जे आकडे गोळा केले, त्यांत ही गोष्ट कुठेच नव्हती. सांबरासाठी कोणत्या मापाची गोळी, ह्या प्रश्नाचे बाबांचे उत्तर होते: कोणत्याच नव्हे. आजोबांनी शेवटचा मुद्दा काढला की नुसत्या आवाजाला जनावर चार रात्रींत सरावते. ते खोटे नाही. त्यावर बाबांनी ठरवले की रोज एकाच वेळी बार काढायचा नाही, आणि माचावर एकट्याने न बसता वाडीतल्या चार घरांनी पाळ्या लावायच्या.

मी अर्ज लिहिला. नव्या ठासणीच्या बंदुकीचा. कारणाच्या रकान्यात 'पीक संरक्षण' एवढेच दोन शब्द घातले. सही करताना बाबांनी विचारले, "परवानो किती वर्सांच्या माणसाक गावता?" मी म्हटले, एकवीस. ते हिशेब करून म्हणाले, "म्हणजे अजून दोन वर्सां. मगे तुज्या नावार करूची?"

दोन वर्षांनी मी पदवीधर असेन. वर्गातले मित्र तेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्या धरतील, आणि मलाही ती गाडी खुणावते हे खोटे कशाला बोलू? घरातला पहिला शिकलेला मुलगा रात्री माचावर बसावा म्हणून बाबांनी मला शिकवले नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी नाही बसलो तर कोण बसणार, हेही त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी विचारले. मी "बघूया" म्हटले. त्यांनी मान हलवली आणि अर्जाची घडी करून खिशात ठेवली.

अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. भात मात्र पोटरीला आले आहे, आणि येत्या शनिवारी राखणीची पाळी आमच्या घराची आहे. मी कॉलेज सुटल्यावर शेवटच्या एस.टी.ने घरी जाणार आहे.