डझन : बाराचे माप

आंब्याच्या मोसमात हापूसचा भाव डझनावर सांगितला जातो. केळी, वह्या, पेन्सिली, बटणे यांचा हिशेबही त्याच शब्दाने चालतो. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही.

लॅटिन भाषेत ‘दुओ’ म्हणजे दोन आणि ‘देकेम’ म्हणजे दहा; दोहोंच्या संयोगातून बारा या अर्थाचा ‘दुओदेकिम’ शब्द झाला. फ्रेंचमध्ये त्याचे रूप ‘दूझ’ झाले, बारांच्या समूहास ‘दूझेन’ म्हणू लागले आणि इंग्रजीत त्याचाच डझन झाला. बारा डझनांचा, म्हणजे १४४ नगांचा ‘ग्रोस’ हाही मूळचा फ्रेंचच. त्याचा अर्थ मोठा डझन.

दहा सोडून बाराच का? दहाला दोन आणि पाच यांनीच निःशेष भाग जातो. बाराला दोन, तीन, चार आणि सहा यांनी. अर्धा, पाव, तिसरा हिस्सा असे कोणतेही वाटप करताना नग फोडावा लागत नाही. फूट बारा इंचांचा असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपला आणाही बारा पैंचाच होता. शिवाय चार बोटांची पेरे बारा. उजव्या हाताच्या पेरांवर बारा आणि डाव्या हातावर त्याची नऊ आवर्तने मोजून १०८ नवकारांचा जप पूर्ण करणाऱ्या श्रावकास हे गणित निराळे शिकवावे लागत नाही.

इंग्रजीत ‘पाववाल्याचा डझन’ म्हणजे तेरा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पावाचे वजन कायद्याने ठरलेले असे आणि माप कमी भरल्यास शिक्षा होई. त्या धास्तीने डझनामागे एक पाव जादा दिला जाई, असे त्याचे रूढ स्पष्टीकरण आहे.

आपल्या परंपरेने हाच प्रश्न कायद्याआधी व्रताकडे सोपविला. घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे हा तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. तेरावा नग भीतीपोटी देता येतो. बारावा मात्र कोणी मोजणारे नसतानाही पुरा भरावा लागतो. पेढीची पत टिकते ती या बाराव्या नगावर.