सिस्टरांच्या कॉलेजातलं वर्ष

दरवर्षी जूनमध्ये आमच्या माजी विद्यार्थिनींचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, मिशनच्या कॉलेजात ॲडमिशन मिळतेय. घालू का? पोरीचं मन तर फिरणार नाही ना?" माझं बी.एड. अशाच एका कॉलेजातून झालं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते मलाच विचारतात. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, पण या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

२००३ साली मी भिवंडीतून वसईला गेले. अब्बा लूमवर काम करायचे. माझं शिक्षण बारावीपर्यंत उर्दू माध्यमातून, बीएला उर्दू आणि मराठी. तेव्हा बी.एड. एकाच वर्षाचं होतं. वसई तालुक्यातल्या एका छोट्या कॅथलिक कॉलेजात नंबर लागला आणि नालासोपाऱ्याला खालाच्या घरी राहण्याची सोय झाली. मोहल्ल्यात कुजबुज झालीच. अब्बांनी एवढंच म्हटलं, "पढने जा रही है, पढके आएगी."

कॉलेज म्हणजे दोन मजली इमारत, मागे केळीची वाडी, बाजूला सिस्टरांचं कॉन्व्हेंट आणि छोटं चॅपेल. मिशनचं कॉलेज म्हणजे फाडफाड इंग्रजी, अशी माझी कल्पना होती. पहिल्याच दिवशी प्राचार्या सिस्टर आमच्याशी मराठीत बोलल्या, तेही असं मराठी की मी पाठीमागच्या बाकावर सरकले. वर्गातल्या ख्रिस्ती मुली डबा खाताना आपसात कादोडी बोलायच्या. ती मला अर्धीच कळायची. वसईतले सामवेदी ख्रिस्ती घरात ही बोली बोलतात आणि चर्चमध्ये प्रमाण मराठीत प्रार्थना करतात. साठच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनच्या जागी लोकभाषेत उपासना करायची मुभा दिली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी आली. थोडक्यात, घरची भाषा वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी, हे जे माझं होतं तेच त्यांचंही होतं. मी घरी दखनीच्या वळणाचं उर्दू बोलणारी, त्या कादोडी बोलणाऱ्या. 'ळ' आणि 'ण' यांनी आम्हां दोघींनाही छळलं.

मराठी अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या सिस्टर 'ळ'साठी रोज पाच मिनिटं काढायच्या. 'कमळ, बाळ, फळा' असं मला फळ्यासमोर उभं करून म्हणायला लावायच्या. कुणी हसलं नाही, कारण पुढचा नंबर हसणाऱ्याचाच असायचा. याच सिस्टरांनी मला दोन नावं सांगितली. एक फादर स्टीफन्स. इंग्लंडहून आलेला हा जेझुइट गोव्यात राहिला आणि त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. दुसरं नाव श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे. "तुझी मराठी आजची नाही, चारशे वर्षांची आहे," असं त्या म्हणाल्या. शेख महंमदांचं नाव मी बीएच्या पुस्तकात वाचलं असेल, पण ते 'माझं' आहे असं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला एक नन लागली.

आता ज्याची पालकांना सगळ्यात जास्त धास्ती असते, त्या प्रार्थनेविषयी.

कॉलेज सुरू होण्याआधी दहा मिनिटं परिपाठ असायचा. ख्रिस्ती मुली क्रुसाची खूण करायच्या, बाकीच्या हात जोडायच्या. मी पहिले दोन दिवस नुसती उभी राहिले आणि पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी धीर करून प्राचार्यांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुला राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळा-कॉलेजात कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं त्या कलमाच्या तिसऱ्या भागात आहे. त्या म्हणाल्या, "तू शांत उभी राहा. ज्या दिवशी तुझ्या गटाची पाळी येईल त्या दिवशी प्रार्थना तू निवड. आमची निवडू नकोस, तुझी निवड." आमच्या गटाची पाळी आली तेव्हा मी अल-फातिहा म्हटली आणि तिचा अर्थ मराठीत सांगितला. परिपाठानंतर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तर आम्हीही मागतो." दुसरी काहीच बोलली नाही, आणि तेही मला चाललं.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला आणि दिवाळीनंतर लगेच आमचे सराव पाठ लागले. बी.एड. केलेल्यांना ते दिवस आठवत असतील. रात्री पाठ टाचण काढायचं, तक्ते रंगवायचे, सकाळी गुंडाळी काखेत मारून एसटीने शाळा गाठायची. मी सहरीला उठून उरलेलं टाचण लिहायची. तिसऱ्या तासाला घसा असा कोरडा पडायचा की आदर्श वाचन करताना आवाज फाटायचा. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी वेळापत्रकात माझे पाठ पहिल्या दोन तासांना आले. सिस्टरांनी आपण होऊन ते बदलले होते.

उर्दूचा प्रश्न मोठा होता. माझी एक पद्धती उर्दू, आणि कॉलेजात उर्दू जाणणारं कुणी नाही. "उर्दू सोड, इतिहास घे" असं सांगणं कॉलेजला सोपं होतं. तसं न करता त्यांनी जवळच्या उर्दू शाळेतल्या एका अनुभवी उस्तादांना पाठ बघायला बोलावलं. शिवाय एक सिस्टर प्रत्येक पाठाला मागच्या बाकावर येऊन बसायच्या. एका पाठानंतर माझ्या निरीक्षण वहीत त्यांचा शेरा होता : 'मला भाषा कळली नाही. मुलांना कळली, हे मात्र कळलं.' ती वही मी अजून ठेवली आहे.

त्याच शाळांमध्ये मुलांनी मला एक नाव दिलं. पाठाला आम्ही साडी नेसायचो आणि मी डोक्यावर पांढरा स्कार्फ बांधायची. पाचवीतली पोरं मला सरळ "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणायला लागली. खऱ्या सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. पुढे डोक्यावरच्या कापडावरून देशात जे वाद झाले, ते बघताना मला ही पाचवीची पोरं आठवतात. त्यांना कापड दिसलं होतं, पण त्यावरून भांडायचं असतं हे अजून कुणी शिकवलं नव्हतं.

सगळंच गोड होतं असं नाही. एका शाळेत सातवीला मराठ्यांच्या इतिहासाचा पाठ माझ्या वाट्याला आला. तिथले मुख्याध्यापक निरीक्षक सिस्टरांना हळूच म्हणाले, "हा घटक दुसऱ्या कुणाला देऊ या का?" कारण त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "ती इथेच उभी आहे, तिलाच विचारा." मी म्हटलं, "मीच घेते."

पाठात १७३९ ची वसईची मोहीम होती. चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला जिंकला. किल्ला शाळेपासून फार लांब नव्हता आणि वर्गातली बरीच मुलं ख्रिस्ती. पाठ रंगात आला असताना एका मुलाने हात वर केला. "टीचर, आपण जिंकलो की आपण हरलो?"

वर्ग एकदम गप्प झाला. तो मुलगा चेष्टा करत नव्हता. त्याचं आडनाव पोर्तुगीज होतं आणि भाषा मराठी. त्या 'आपण'मध्ये तो कुठे बसतो, हे त्याला खरंच कळत नव्हतं. मला तो प्रश्न लहानपणापासून ओळखीचा होता. इतिहासाच्या तासाला कुणी मान वळवून माझ्याकडे बघितलं, की तोच प्रश्न असायचा.

मी त्याला विचारलं, "तुमची वाडी कधीपासून आहे?" तो म्हणाला, "पणजोबांच्याही आधीपासून." मग आम्ही फळ्यावर एक रेघ काढली. १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ ला ती मराठ्यांनी घेतली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाई त्यांच्या दावणीला गेली. मी म्हटलं, "बघा, या गावात सुलतान हरला, पोर्तुगीज हरले, पेशवेही हरले. आणि वाडीत पाणी कोण शिंपत होतं?" मुलं ओरडली, "आम्ही!" मी त्यांना तो 'आम्ही' वहीत लिहायला सांगितला.

हिवाळ्यात नाताळ आला. कॉलेजात गव्हाणी उभी राहिली आणि मी कागदी चांदण्या कातरायला बसले. कुरआनात हजरत मरियम यांच्या नावाची सूरा आहे, आणि कुरआनात नावाने उल्लेख आलेली ती एकमेव स्त्री आहे, हे ऐकून मैत्रिणींनी डोळे विस्फारले. मी त्यांना हबशाच्या राजाची गोष्ट सांगितली. मक्केत छळ झाला तेव्हा पहिले मुसलमान आसऱ्याला एका ख्रिस्ती राजाकडे गेले. त्याच्या दरबारात हजरत जाफर यांनी हीच सूरा वाचली आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सीरतच्या ग्रंथांत आहे. पण आमच्यात फरकही होते आणि ते आम्ही लपवले नाहीत. ईसा अलैहिस्सलाम माझे पैगंबर, त्यांच्यासाठी देवाचे पुत्र. क्रुसावरचा मृत्यू त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे आणि मी तो मानत नाही. या विषयावर एकदा तासभर बोलणं झालं. कुणीच कुणाला पटवलं नाही, आणि मग आम्ही शैक्षणिक मानसशास्त्राच्या नोट्स काढायला बसलो. फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला आणि त्यांचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा वाढदिवसाचा केक त्यांच्यासमोर कापायचा नाही हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मन फिरलं का? फिरलं नाही. उलट त्या वर्षी माझी नमाज अधिक नियमित झाली, कारण रोज कुणीतरी विचारायचं, "पढलीस का?"

पण त्या वर्षाने माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. आमची उर्दू शाळा आणि ते कॉलेज, दोन्ही घटनेच्या तिसाव्या कलमाच्या आधाराने चालतात. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क ते कलम देतं. आपण या हक्कासाठी भांडतो, आणि भांडायलाच हवं. मात्र अल्पसंख्याकांच्या संस्थेतही कुणीतरी अल्पसंख्य असतं. त्या कॉलेजात ती मी होते. माझ्यासाठी त्यांनी वेळापत्रक हलवलं, उस्ताद बोलावले, परिपाठाचा एक दिवस दिला. त्यात त्यांच्या क्रुसाचं काहीही कमी झालं नाही.

आता आमच्या शाळेत बी.एड.च्या मुली मराठीचे सराव पाठ घ्यायला येतात. त्यांच्यातल्या काही पहिल्यांदाच मुस्लिम मोहल्ल्यात पाऊल टाकत असतात. दारात घुटमळतात, ओढणी नीट करतात, पाणी द्यावं तर घेऊ की नको असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मागच्या वर्षी एकीने कपाळावरची टिकली काढून पर्समध्ये ठेवली. मी तिला म्हटलं, "लाव ती परत. वर्गात जशी आहेस तशीच जा." मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलांनी तिचा 'ळ' ऐकला, तिने मुलांचा. पाठ संपल्यावर मी तिच्या वहीत शेरा लिहिला आणि बेल झाली तरी मुलं तिला सोडेनात.