‘तू तर गाडी पार्क केलीस!’

‘रेस बघायला कुणी साडी नेसून जातं का गं?’ मावसबहिणीचा प्रश्न रास्त होता. पण बॉस, ही रेस साधीसुधी नव्हती. गुडवुड रिव्हायव्हल! इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये दर सप्टेंबरात तीन दिवस भरणारा जुन्या रेसिंग कार्सचा मेळा. गाड्या नुसत्या बघायच्या नसतात, त्या खऱ्याखुऱ्या पळतात. आणि प्रेक्षकांनीही १९४८ ते १९६६ या काळातले कपडे घालून यावं अशी अपेक्षा असते, कारण या ट्रॅकवरचं रेसिंगचं पहिलं पर्व तेवढ्याच वर्षांचं. बहीण पोल्का डॉट्सचा फ्रॉक शोधत दुकानं पालथी घालत होती. मी निघतानाच आईच्या कपाटातून आजीचं पातळ उचललं होतं. पन्नासच्या दशकातलं, एकदम ओरिजिनल!

ही २०२३ ची गोष्ट. लंडनहून चिचेस्टरपर्यंत ट्रेन, पुढे बस. खांद्यावर कॅमेरा, मित्राकडून उसनी आणलेली टेलिफोटो लेन्स आणि डोक्यात एकच गोष्ट. बाबांसाठी एक झकास फोटो न्यायचा.

बाबांसाठी का, ते सांगते. आमच्या नानांची, म्हणजे आजोबांची, १९५७ सालची फियाट ११०० होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, गोलमटोल ‘डुक्कर फियाट’. मी काही ती पाहिलेली नाही. नाना गेल्यावर बाबांनी ती दादरच्या बिल्डिंगच्या आवारात ताडपत्रीखाली जपून ठेवली. ओरखडा पडेल, बिघडली तर पार्ट मिळणार नाहीत, म्हणून बाहेरच काढली नाही. ‘आठवड्यातून एकदा तरी फिरवत जा रे’, असं नाना सांगून गेले होते. नेमकं तेवढंच राहिलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या, पावसाळ्यांनी पत्रा खाल्ला. १९९४ मध्ये भंगारवाला आला.

अल्बममध्ये तिचे अकरा फोटो आहेत. बहुतेक दसऱ्याचे. बॉनेटवर झेंडूचा हार, शेजारी अख्खं कुटुंब अटेन्शनमध्ये. बाबा ते अजून काढून बघतात. बोलत काहीच नाहीत.

तर गुडवुड! हा ट्रॅक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या कडेचा रस्ता. आपल्या चेन्नईजवळच्या शोलावरमलाही असंच युद्धकाळातल्या धावपट्टीवर रेसिंग व्हायचं. गुडवुडला पहिली रेस सप्टेंबर १९४८ मध्ये झाली, म्हणजे मी गेले तेव्हा बरोब्बर ७५ वर्षं होत होती. १९६६ मध्ये रेसिंग थांबलं, ते १९९८ मध्ये ‘रिव्हायव्हल’ या नावाने पुन्हा सुरू झालं.

ट्रॅकच्या अगदी कडेला उभं राहायला प्रेस पास लागतो. आम्ही पडलो फ्रीलान्सर! साध्या तिकिटावर सेंट मेरीज नावाच्या वळणापाशी गवताच्या उंचवट्यावर जागा पकडली. ऊन मुंबईसारखं रणरणतं. आणि मग तो आवाज आला. मासेराती २५० एफ, जग्वार ई-टाइप, एसी कोब्रा... कानात नव्हे, सरळ छातीतच घुसतो तो! जळक्या तेलाच्या वासाने थेट लहानपणीचं कोपऱ्यावरचं गॅरेज आठवलं.

मी कॅमेऱ्याचा शटर स्पीड ठेवला एक सेकंदाचा हजारावा भाग आणि धडाधड क्लिक सुरू. तासाभरात चारशे फोटो. स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक नटबोल्ट शार्प. जाम खूश झाले!

शेजारी हॅटवाले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा उभे होते, गळ्यात फिल्मचा जुना कॅमेरा. त्यांना कौतुकाने स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हसून म्हणाले, ‘छान आहे. पण पोरी, तू तर गाडी पार्क केलीस!’

पुन्हा पाहिलं. खरंच की! चाकाची तार न् तार मोजता येत होती. ताशी दीडशे किलोमीटरने गेलेली गाडी फोटोत मॉलच्या पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसत होती. आमचा दसऱ्याचा अल्बम, दुसरं काय!

आजोबांचा उपाय सोपा होता. शटर साठाव्या भागावर आण. ताशी १६० ने जाणारी गाडी हजाराव्या भागात जेमतेम साडेचार सेंटिमीटर सरकते, साठाव्या भागात पाऊण मीटर. तेवढा वेळ कॅमेरा गाडीबरोबर त्याच वेगाने वळवायचा. पाय रोवलेले, वळायचं ते कमरेतून, आणि क्लिक झाल्यावरही थांबायचं नाही. जमलं तर गाडी स्पष्ट, चाकं गरगरती आणि मागचं जग पुसट रेघांचं. याला म्हणतात पॅनिंग. न जमलं तर सगळाच काला!

पदर खोचला आणि लागले कामाला. पहिले दोनशे फोटो सरळ डिलीट. दर फोटोला जीव खालीवर, कारण नीट आला नाही तर ती गाडी त्या क्षणी पुन्हा मिळणार नसते.

आणि मी फोटोसाठी रडत होते, तेव्हा समोर काय पणाला लागलं होतं बघा. जुन्या रेसिंग कार्सची किंमत ऐकलीय? त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. अशा जमान्यातल्या गाड्या इथे एकमेकींना घासून पळत होत्या. एकीचा पत्रा चेपला. मला वाटलं, मालक आता रडणार. तो पठ्ठ्या मेकॅनिकबरोबर वाकून बघत होता, उद्यापर्यंत ठीक होईल का म्हणून! याच सेंट मेरीजला १९६२ मध्ये स्टर्लिंग मॉसची गाडी आदळली. तो महिनाभर कोमात होता, त्याची ग्रां प्री कारकीर्द तिथेच संपली. पुढे उतारवयात तोच मॉस रिव्हायव्हलमध्ये येऊन याच ट्रॅकवर गाड्या पळवायचा.

तीन दिवस, अकराशे फोटो, बरे आले नऊ. त्यातली एक ई-टाइप. नाक स्पष्ट, शेपूट जराशी हललेली, चाकांचे नुसते चकचकीत गोल. रात्री बाबांना पाठवली आणि लगेच फोन केला.

‘बाबा, थोडा ब्लर आहे हं.’

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

‘आपली गाडी नेली ना,’ बाबा एकदम म्हणाले, ‘तेव्हा टेम्पोला दोर बांधून ओढत नेली. मी खिडकीत होतो. सात वर्षांनी तिची चाकं फिरताना बघत होतो मी. घरात कॅमेरा होता गं. पण फोटो काढायचं सुचलंच नाही.’

मला काय बोलावं कळेना.

‘हिचा आवाज कसा होता, ते सांग आधी,’ बाबा म्हणाले.

मी गाडीचा आवाज काढून दाखवायला लागले. रात्री अकरा वाजता, आजीच्या पातळात. बहीण दारात उभी राहून बघत होती.