तेरा की तीस?

वर्गात गेल्यावर मी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिते. ती इंग्रजीत मोठ्याने वाचायचे काम रोज एका मुलीकडे असते. एके दिवशी आठवीतल्या एका मुलीने वाचले, "ट्वेंटी-वन्थ जुलै." सगळा वर्ग हसला. ती मुलगी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

मला तिच्या चुकीचे काही वाटले नाही. तिने नियम लावला होता, फक्त जागा चुकली होती. वाईट वाटले ते वर्गाच्या हसण्याचे. लोक हसतील म्हणून माणूस गप्प बसतो तेव्हा काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. ती हकिकत पुढे सांगते. आधी त्या चुकीविषयी बोलू.

एक, दोन, तीन हे शब्द किती ते सांगतात. पहिला, दुसरा, तिसरा हे शब्द कितवा ते सांगतात. तुम्ही उर्दू शाळेत शिकता, म्हणून ही गोष्ट तुम्हांला नवी नाही. तुमच्या वर्गाला उर्दूत जमाअत हश्तुम म्हणतात, मराठीत आठवी म्हणतात आणि इंग्रजीत एट्थ. आता उर्दूतली वर्गांची नावे ओळीने म्हणून पाहा : अव्वल, दोम, सोम, चहारुम, पंजुम, शशुम, हफ्तुम, हश्तुम, नहुम, दहुम. दोमपासून पुढे सगळ्यांच्या शेवटी 'म' ऐकू येतो. हे शब्द फारसीतून आले आहेत. अव्वल मात्र अरबी आहे आणि त्याला 'म' नाही. मराठीत पाचवा, सहावा, सातवा असा 'वा' लागतो, पण पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा वेगळे राहतात. उर्दूतही तसेच आहे. तिथे 'छठा' हा आणखी एक शब्द रांग मोडतो.

इंग्रजीची रीतही अशीच आहे. फोर्थपासून पुढे 'थ' लागतो. फर्स्ट, सेकंड, थर्ड हे तीन वेगळे आहेत. 'फर्स्ट' हा शब्द 'वन'पासून झालेलाच नाही. त्याचा मूळ अर्थ सर्वांत पुढचा. आपलाही 'पहिला' हा शब्द 'एक'पासून झालेला नाही. मला वाटते, जो सगळ्यांच्या पुढे उभा आहे त्याला मोजावे लागत नाही, तो दिसतोच. 'सेकंड'ची गंमत निराळी आहे. हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा अर्थ मागून येणारा. घड्याळातला सेकंदही तोच! जुन्या विद्वानांनी तासाचे साठ बारीक भाग केले, ते मिनिट झाले. मिनिटाचे पुन्हा साठ भाग केले. हा दुसऱ्या वेळचा बारीक भाग, म्हणून सेकंद.

आता ट्वेंटी-वन्थ का चुकले? एकवीस या संख्येला इंग्रजीत दोन शब्द आहेत, ट्वेंटी आणि वन. बदल शेवटच्या शब्दात होतो, म्हणून ट्वेंटी-फर्स्ट. तसेच ट्वेंटी-सेकंड आणि ट्वेंटी-थर्ड. अकराला मात्र एकच शब्द आहे, इलेव्हन. त्यात वन हा शब्द नाही, म्हणून इलेव्हन्थ. बारा आणि तेरा यांचेही असेच : ट्वेल्फ्थ, थर्टीन्थ. आकड्यापुढे अक्षरे लिहिताना डोळ्यांना ११ मध्ये शेवटी एक दिसतो आणि हात 'एसटी' लिहून जातो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, शब्द तोंडाने म्हणा. स्पेलिंगचे थोडे पाठांतर करावेच लागते. फिफ्थमध्ये 'व्ही' जाऊन 'एफ' येतो आणि नाइन्थमध्ये 'ई' गळतो. पण एक सोय आहे. मराठीत पहिला मुलगा, पहिली मुलगी, पहिले पुस्तक असे लिंगाप्रमाणे रूप बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी फर्स्टच.

आपल्याला तारखा अवघड जातात त्याचे कारण आपल्या सवयीत आहे. आपण मराठीत पंधरा ऑगस्ट म्हणतो, उर्दूतही पंद्रह अगस्त म्हणतो. इंग्रजीत १५ ऑगस्ट लिहिले तरी वाचताना बहुधा 'द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट' असे वाचतात. पण आपणही कितवा हे विचारत नाही असे नाही. रमजानमध्ये आज कितवा रोजा, असे घरातले लहान मूलही विचारते. सत्ताईसवीं शब आपण कधी सत्ताईस शब म्हणत नाही. इंग्रजी तारीखही तशीच वाचायची, एवढेच.

आता माझी हकिकत. सन २०१२ मधला जून महिना होता. बी.एड. होऊन मला वर्ष झाले होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी अर्ज केला होता. एका सकाळी तिथल्या कारकुनाचा फोन आला. ते घाईघाईने इंग्रजीत बोलले. इंटरव्ह्यूची तारीख मी 'थर्टीएथ जून' अशी ऐकली. मनात शंका आली होती. पण इंग्रजीची शिक्षिका होऊ पाहणारी मुलगी साधी तारीख पुन्हा विचारते, असे त्यांना वाटेल, या लाजेने मी "येस सर, थँक यू" म्हटले आणि फोन ठेवला.

तीस तारखेला अब्बांनी दुकान बंद ठेवले. आम्ही दोघे एसटीने दीड तास प्रवास करून गेलो. मी नवा दुपट्टा घेतला होता. शाळेच्या फाटकावर शिपाई म्हणाले, "मुलाखती तेरा तारखेलाच झाल्या, ताई. जागाही भरली."

परत येताना एसटी स्टँडवर अब्बांनी चहा घेतला. माझ्यापुढे कप सरकवून ते म्हणाले, "बेटा, शंका आली होती का?"

मी म्हणाले, "हो."

"मग विचारले का नाहीस?"

मला उत्तर देता आले नाही. अब्बाही पुढे काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते.

थर्टीन्थ म्हणताना जोर 'टीन'वर येतो आणि तो लांब होतो. थर्टीएथमध्ये जोर 'थर्'वर येतो, आणि पुढे 'टी' व 'एथ' असे दोन लहान तुकडे असतात. हा फरक मला कॉलेजात शिकवला होता. परीक्षेत मी तो बरोबर लिहिलाही होता. फोनवर घाईत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी तो ऐकू येत नाही. अशा वेळी इंग्रज लोकसुद्धा पुन्हा विचारतात, "वन-थ्री ऑर थ्री-झिरो?"

त्या एकवीस जुलैला मी ही सगळी हकिकत वर्गात सांगितली. कोणी हसले नाही. मग सगळ्यांना उभे करून आम्ही एकतीसपर्यंत तारखा म्हटल्या. ज्याला शंका येईल त्याने हात वर करायचा, असे ठरले. खूप हात वर झाले.

काही महिन्यांनी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. हातात वहीचा फाटका कागद होता. "टीचर, ऑफिसमधल्या सरांनी निरोप दिला आहे. वक्तृत्व स्पर्धेची तारीख," ती म्हणाली. कागदावर इंग्रजीत थर्टीन्थ डिसेंबर लिहिले होते. त्याच्या खाली उर्दूत बारीक अक्षरात लिहिले होते : एक आणि तीन. दोनदा विचारले.