रेघांची काटकसर

परवा वर्गात एका मुलाची वही हातात घेतली आणि माझा पारा चढला. गणिताच्या पानावर समासभर सुप्पांडी! "स्वतःचे काही सुचत नाही का रे? ही तर नक्कल," असे म्हणून मी ते पान टरकन फाडले. पोरगा काही बोलला नाही. फाटलेल्या कडेकडे नुसता पाहत राहिला.

तळगड डोळ्यांपुढे ठेवून घरी चालत येताना ती कड काही मनातून जाईना. लहानपणी मी तरी निराळे काय करीत होतो? गणपतीला मुंबईहून येणारे मामा पिशवीतून चित्रकथा काढीत. 1967 साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेतला राम वाईरकरांचा 'कृष्ण' त्यांतच मिळाला. तो सावळा बाळ, त्या गाई, ते दागिने पाटीवर उतरवताना माझी बोटे दुखून येत.

पुढे त्याच वाईरकरांचा सुप्पांडी भेटला. 1980 साली निघालेले 'टिंकल' मामा आणीत ते इंग्रजीत, आणि मला इंग्रजीचा गंध नव्हता! पण ते लांबुळके डोके आणि तो भाबडा चेहरा पाहिला, की मालकाने काय सांगितले आणि याने काय करून ठेवले, ते शब्दांवाचून उमगे.

हात एकच. कृष्ण सजवताना त्याने काही राखून ठेवले नाही; सुप्पांडी उभा करताना मोजक्या रेघांत भागवले. मला वाटते, ही काटकसर श्रीमंताची आहे. ज्याने दागिन्याची कडी न् कडी घडवली, त्यालाच कोणती गाळावी हे कळते. आणि घडवायला शिकायचे ते कुणाचे तरी पाहूनच. माझ्या पहिल्या कादंबरीची वाक्ये तरी कुठे माझी होती!

दुसऱ्या दिवशी चित्रकलेची कोरी वही त्या मुलापुढे ठेवली.

"गुरुजी, काय काढू?"

"सुप्पांडीच काढ."

आठवड्याने त्याने वही दाखवली. डोके सुप्पांडीचे होते. पण नाकावर घसरलेला चष्मा माझा, आणि हातात टरकावलेले पान!

ती नक्कल खास नव्हती. मी वही जपून मिटली आणि त्याच्या हाती परत दिली.